तीन नंबरचा तुकडा

वाचा-उपचार केंद्राच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली, एक लांबट खोली होती. खोलीला खिडकी होती, पण ती उघडत नसे, कारण तिच्यापुढे कपाट होतं. आणि कपाट हलत नसे, कारण त्यात केंद्राच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या डिस्का ठासून भरल्या होत्या. त्या खोलीत थोरला बसायचा. केंद्रात त्याला सगळे मोठे काका म्हणत, घरी धाकटा भाऊ दादा म्हणायचा. दोन्हीकडे तो हाकेला ओ द्यायचा आणि पुन्हा खाली मान घालून आपल्या कामाला लागायचा.

केंद्रात बोलताना अडणारी माणसं येत. आल्या दिवशी आणि जायच्या दिवशी प्रत्येकाकडून एकच उतारा वाचून घ्यायचा आणि तो कॉम्प्युटरवर उतरवायचा, ही तिथली पहिल्यापासूनची पद्धत. कुणीतरी जुन्या डॉक्टरांनी रचलेला उतारा होता तो, अडणाऱ्या जिभेला नकोशी वाटणारी अक्षरं वेचून वेचून भरलेला. ‘पोस्टमन पहाटे पूल ओलांडतो. पुलापलीकडे पिवळ्या दाराचं घर आहे. त्या घरात कुणीच राहत नाही, तरी पोस्टमन दर बुधवारी दार ठोठावतो.’ पुढे अशीच आणखी वीसेक वाक्यं. केंद्रातल्या लोकांना उतारा इतका पाठ होता, की कुणी उगाच हेलपाटा घातला तर ‘झालं का पिवळं दार ठोठावून?’ असं विचारत.

आता त्या जुन्या फाइली कुठल्याच मशीनवर वाजत नव्हत्या. थोरल्याने वीस वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. एका टोकाने जुनी फाइल घातली की दुसऱ्या टोकाने नव्या पद्धतीची बाहेर पडायची. केंद्राने पहिल्यांदा कॉम्प्युटर बदलले तेव्हा निम्म्या फाइली त्याने त्यातूनच काढल्या होत्या. राहिलेल्या चारशे बारा आता काढायच्या होत्या, कारण हेडक्लार्कला कपाटाची जागा हवी होती. हेडक्लार्कला फेकून देण्याची इतकी हौस, की पाठीमागे त्याचं नाव रद्दीसाहेब पडलं होतं.

“काका, गुरुवारी माणूस येतोय डिस्का उचलायला,” रद्दीसाहेब दारातूनच म्हणाला होता. आत यायला जागाच नव्हती. “तोवर काय गाळून घ्यायचं ते घ्या. गाळ मी टाकतो.”

“बरं,” थोरला म्हणाला.

हल्ली तो बहुतेक वेळा बरंच म्हणायचा. चार महिन्यांपूर्वी, ध्यानीमनी नसताना, धाकट्याला मेंदूचा झटका आला, त्या सकाळपासून थोरल्याला काही वाटेनासं झालं होतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं. फक्त नंतर यायच्या मुंग्या आल्या नव्हत्या. तो वेळेवर उठत होता, दाढी करत होता, हॉस्पिटलात डबा पोचवत होता. भावजय दवाखान्याच्या बाकावर रडली तेव्हा त्याने तिच्या हातात रुमाल दिला आणि रुमालाला इस्त्री आहे, एवढंच त्याच्या लक्षात आलं. स्वतःबद्दल त्याला जरा संशय येऊ लागला होता. पण संशयसुद्धा फार टिकत नसे.

धाकटा नकाशे काढायचा. जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत त्याने उभी हयात टेबलाशी वाकून काढली. बोलायची वेळ न आलेली बरी, म्हणूनच त्याने ते काम धरलं होतं, कारण लहानपणापासून तो अडायचा. प-प-प असं त्याचं होत नसे. तोंड उघडायचं, मान किंचित पुढे यायची आणि आवाज बंद. शब्द दाराशी येऊन उभा राहायचा. चोविसाव्या वर्षी थोरल्यानेच त्याला हाताला धरून केंद्रात आणलं. सहा महिने त्याने उपचार घेतले आणि जाताना डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘पूर्ण बरा’. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर तो कसा बोलायचा, हे खरं तर कुणालाच धड सांगता आलं नसतं. त्याचं वाक्य पुरं व्हायची वेळ घरात येतच नसे. जेवताना तो “मला प” म्हणून थांबला की थोरला “पाणी का?” म्हणून तांब्या पुढे करायचा. धाकटा पाणी प्यायचा. लग्न झाल्यावर तांब्या भावजयीकडे गेला, एवढाच फरक. त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

झटक्यानंतर उजवा हात लुळा झाला आणि वाचा गेली. सहाएक आठवड्यांनी वाचा परतली, पण लांब लांब थांबे घेत. भावजय त्याला आठवड्यातून तीनदा केंद्रात घेऊन येऊ लागली. उपचार करणारी बाई तरुण होती, कामाला वाघ होती आणि धाकट्याला छोटे काका म्हणायची.

“मोठे काका, यांना शब्द सापडत नाहीत की पूर्वीचंच अडणं आहे, हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही,” तिने थोरल्याला विचारलं होतं. “जुन्या फाइलीवर तर ‘पूर्ण बरा’ आहे. जायच्या दिवसाचं त्यांचं रेकॉर्डिंग मिळेल का?”

थोरल्याने डिस्क शोधली, प्रोग्राममधून काढली, वाजतंय ना तेवढं पाहिलं आणि नेऊन दिली.

बाईंनी ती सगळ्यांसमोर लावली. चोवीस वर्षांचा धाकटा घडाघडा बोलू लागला. पोस्टमन पहाटे पूल ओलांडतो, पुलापलीकडे पिवळ्या दाराचं घर आहे, कुठे अडणं नाही, थांबणं नाही. बातम्या देणाऱ्यालाही दम लागावा असं. भावजयीने पदर तोंडाला लावला. “अगंबाई! किती छान बोलायचे हो तुम्ही!”

धाकट्याने स्पीकरकडे पाहिलं. मग थोरल्याकडे. मान पुढे आली, बराच वेळ गेला.

“हा मी नाही,” तो म्हणाला.

“तूच आहेस रे,” थोरला म्हणाला. “तुझाच आवाज आहे. मीच उतरवलाय.”

“मी ना…”

“तूच,” थोरला म्हणाला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बाहेर येऊन तिने हळू आवाजात समजावलं, की झटक्यानंतर काही पेशंटना स्वतःची ओळख पटत नाही, घाबरायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. पूर्वी थांबे नव्हते, म्हणजे आत्ताचे थांबे झटक्याचेच. शब्द सापडत नाहीत, तर शोधायची सवय लावायला हवी. ती त्याच्यापुढे चित्रं धरू लागली. तीन सेकंदांत शब्द आला नाही की टेबलावरची छोटी घंटी वाजवायची आणि शब्द स्वतः सांगायची. पुस्तकात तसंच होतं.

पहिल्या दिवशी घंटी सतरा वेळा वाजली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने चित्रांकडे पाहणंच सोडलं. मग बोलणं सोडलं. केंद्रात नाही आणि घरीही नाही. मूग गिळून बसायचा, डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करायचा आणि परत वाकू द्यायचा. असे उपचाराचे पाच वार गेले. सहा वार पेशंटकडून काहीच प्रतिसाद नसेल तर केंद्र त्याची फाइल बंद करायचं, रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा द्यावी लागे म्हणून. सहावा वार शुक्रवारी होता.

बुधवारी दुपारी बाई जिन्याखालच्या खोलीत आली.

“पहिल्या दिवसाचंही रेकॉर्डिंग द्याल का? फाइल बंद करायची तर दोन्ही लावावी लागतात.” ती घुटमळली. “मला वाईट वाटतंय, काका. फार समंजस आहेत हो ते. पण मला काही जमेना.”

“बरं,” थोरला म्हणाला.

त्याने डिस्क घातली. मशीनने घरघर केली. आकडे वर सरकले, नवी फाइल बाहेर आली. कानाला हेडफोन लावून त्याने वाजतंय ना ते पाहिलं. एरवी तो पाच सेकंद ऐकून पुढे जायचा. त्या दिवशी पुढे जायला हात उचलला नाही, एवढंच.

धाकटा घडाघडा वाचत होता. पोस्टमन पहाटे. मग दुसराच एक आवाज म्हणाला, “पूल ओलांडतो.” आणि त्याला चिकटूनच धाकटा म्हणाला, “पूल ओलांडतो.” पुलापलीकडे, की तो दुसरा आवाज पुन्हा: “पिवळ्या.” लगेच धाकटा: “पिवळ्या दाराचं.” दोन माणसं एकमेकांच्या अंगावर पडत चालल्यासारखं.

दुसरा आवाज कुणाचा, हे ओळखायला थोरल्याला थोडा वेळ लागला. तो त्याचा स्वतःचा होता.

त्याला आठवलं. धाकटा त्या दिवशी एकटा आत जायला तयार नव्हता, म्हणून थोरला त्याच्या शेजारी बसला होता. आणि पोरगा अडला की राहवेना म्हणून शब्द पुरवत होता. अडला की. पण इथे तर तो कुठेच अडत नव्हता. पहिल्या दिवशी, उपचाराच्या आधीच, घडाघडा.

थोरल्याने रेकॉर्डिंगचं रजिस्टर काढलं. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं. भावाच्या नावापुढे, घड्याळ लावून टिपलेली वेळ: चार मिनिटं दहा सेकंद. हातातली फाइल एक मिनिट आठ सेकंदांची होती.

त्याने दोन्ही आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग त्याने कपाटाच्या तळातून आपल्याच प्रोग्रामचा छापलेला कागद काढला. कागद कडेला पिवळा पडला होता. त्याला हवी होती ती ओळ शोधावी लागली नाही. तिच्याखाली त्याने त्या काळी दोनदा रेघ मारली होती, कारण ती त्याला फार हुशारीची वाटली होती.

जुन्या फाइलीत आवाज तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असायचा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर नंबर. एक नंबर म्हणजे आवाज. तीन नंबर म्हणजे शांतता. शांतता उतरवून डिस्क कशाला भरायची, म्हणून माणूस गप्प झाला की मशीन तिथे आवाज ठेवतच नसे. किती वेळ गप्प, एवढा आकडा टाकून मोकळं व्हायचं. एका तुकड्यात आठ सेकंदांच्या वर थोडी मावायची. त्याहून मोठी असेल तर शेजारी आणखी एक तुकडा. आणि थोरल्याने प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: तुकडा तीन असेल तर सोडून दे. त्यामुळे फाइली इतक्या आटल्या होत्या, की सगळ्या एका खोक्यात मावल्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली होती.

अडणाऱ्या माणसांच्या केंद्रात त्याने अडणं तेवढं वगळलं होतं. आणि वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाच सेकंदांच्या पुढे कुणी ऐकलंच नव्हतं.

त्याला वाटलं, आता तरी काहीतरी वाटायला हवं. तो वाट बघत बसला. मग पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या जागी नऊ ओळी लिहिल्या. तीन नंबर आला, की आकडा वाच, आकड्याइतकी शून्यं, म्हणजे शांतता, लिही, पुढे जा.

त्या ओळी प्रोग्राममध्ये उतरवून त्याने पहिल्या दिवसाची डिस्क पुन्हा घातली. चार मिनिटं नऊ सेकंद. एक सेकंद कुठेतरी घड्याळात सांडला असेल.

पण जायच्या दिवसाची डिस्क त्याच्याकडे नव्हती. काम झालेल्या डिस्का तो स्वतःच पोत्यात टाकत होता आणि पोती सकाळीच फाटकाशी गेली होती.

गुरुवारी तो केंद्र उघडायच्या आधी फाटकाशी हजर झाला. सहा पोती होती. त्याने पहिलं तिथेच पायरीवर उपडं केलं.

“काका! अहो, काय चाललंय?” रद्दीसाहेब स्कूटरवरून उतरता उतरता ओरडला. “एकदा टाकलेलं परत उकरायचं नसतं!”

“एक डिस्क हवीये.”

“गाळून घेतलीत ना?”

“गाळण्यातच चूक होती,” थोरला म्हणाला. “सगळ्याच परत हव्यात. चारशे बारा.”

रद्दीसाहेबाने हेल्मेट काढलं. थोरल्याला चूक कबूल करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. तशी थोरल्याने कसलीच गोष्ट कधी छातीठोकपणे सांगितली नव्हती, त्यामुळे कबूल करायची वेळही आली नव्हती. रद्दीसाहेबाने स्कूटर लावली, पँट वर ओढून पायरीवर बसला आणि लेबलं वाचू लागला.

“आणि वीस वर्षांपूर्वी काढलेल्या?” वाचता वाचता त्याने विचारलं. “त्यांच्या डिस्का तर मी तेव्हाच टाकल्या.”

“हो,” थोरला म्हणाला.

त्यांच्याबद्दल काही करता येण्यासारखं नव्हतं. ती दोनेकशे माणसं केंद्राच्या कपाटात कायमची घडाघडा बोलत राहणार होती. त्यांच्या शांतता आता कुठेच नव्हत्या. थोरल्याने हा विचार एखाद्या दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पाकीट बघावं तसा उलटून पाहिला आणि बाजूला ठेवला.

डिस्क चौथ्या पोत्यात सापडली. जुन्या मशीनने ती दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा घेतली.

शुक्रवारी उपचाराच्या खोलीत चौघं होते. धाकटा भिंतीकडे तोंड करून, भावजय पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, बाई घंटीच्या टेबलामागे आणि थोरला दाराशी उभा. त्याने बाईंना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं आणि मग विचारलं होतं, “म्हणजे ‘हा मी नाही’ म्हणत होते ते…” वाक्य तिने पुरं केलं नव्हतं. थोरल्यानेही केलं नव्हतं.

“तू म्हणालास ते बरोबर होतं,” थोरला धाकट्याच्या पाठीला म्हणाला. “तो तू नव्हतास. माझी चूक झाली. हे ऐक.”

धाकटा हलला नाही. थोरल्याने फाइल लावली.

पोस्टमन. खोलीत एकदम काहीच नाही. वाजणं बंद पडलं की काय म्हणून बाईंनी मशीनकडे पाहिलं. पहाटे. पुन्हा काही नाही. पूल ओलांडतो. मधल्या शांततेत ना श्वास होता ना खुर्ची कुरकुरल्याचा आवाज. तो सगळा तेव्हाच गेला होता, आता उरली होती नुसती मोजलेली वेळ. पुलापलीकडे.

इथे धाकटा फार थांबला. दोन तुकड्यांइतका. अकरा सेकंद होते, थोरल्याला आकडा पाठ होता. भावजयीचे ओठ हलले, ती “पिवळ्या” म्हणणार होती. जायच्या दिवशी थोरला काचेपलीकडे होता, शब्द पुरवायला शेजारी कुणी नव्हतं. शब्द आपला आपण काढणं, जुन्या डॉक्टरांनी बहुधा त्यालाच बरं होणं म्हटलं होतं.

“पिवळ्या,” चोवीस वर्षांचा धाकटा म्हणाला, स्वच्छ, अजिबात घाई नसलेल्या आवाजात. “दाराचं घर आहे.”

खुर्चीतल्या धाकट्याची मान भिंतीकडून हळूहळू वळली होती. प्रत्येक थांब्याला तो किंचित डोलत होता, ओळखीच्या रस्त्यावरचे खड्डे माहीत असलेल्या माणसासारखा. रेकॉर्डिंग साडेतीन मिनिटांनी संपलं. बाईंनी घंटी उचलली आणि खणात ठेवली. धातूचा एक बारीक आवाज झाला, तेवढाच.

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

“प,” तो म्हणाला आणि थांबला.

भावजयीने झटकन बाटलीचं झाकण फिरवलं. “पाणी हवंय त्यांना.”

“थांब,” थोरला म्हणाला.

पाणीच असणार, हे थोरल्यालाही माहीत होतं. तो शब्द त्याच्याही जिभेवर तयार होता, तीस वर्षांच्या सवयीने. तो त्याने दातांमागे धरला. शांततेचा पहिला तुकडा संपला. दुसरा सुरू झाला. भावजयीच्या हातात उघडी बाटली, बाईंची नजर टेबलावर. धाकट्याची मान पुढे आलेली. बाहेरून रद्दीसाहेबाचा आवाज आला, कुणाला तरी पोती परत आत न्यायला सांगत होता.

“पुन्हा,” धाकटा म्हणाला. मग आणखी थोडा थांबून, “लाव.”

थोरल्याला काही कळेना. पाणी नव्हतं. किती वेळा नसेल, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि बधिर पायात कुठेतरी टाचणी टोचावी तसं काहीतरी झालं. फार नाही, एकच ठिकाणी.

“लावतो,” तो म्हणाला.

भावजयीने बाटलीचं झाकण बंद केलं. थोरल्याने फाइल सुरुवातीपासून लावली आणि या वेळी तो उभा न राहता धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, हात मांडीवर ठेवून.